एकच उत्तर बरोबर

१

परीक्षा होती नंदिनीची, आणि ती देऊन मोकळं झालं होतं दुसरंच कुणीतरी.

मंगळवारी सकाळी नंदिनीने इस्त्रीचा कुर्ता घातला. टेस्टला कॅमेरा नव्हता, कुणी बघणार नव्हतं, तरी घातला. केस नीट बांधले, देवापुढे हात जोडले आणि आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या घरातल्या लांबट स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर येऊन बसली. मागे ओट्याला टेकून तिची मुलगी रेवा उभी होती. वय सतरा, पायात दोन वेगवेगळे मोजे, तोंडात अर्धी चकली.

"आई, आकृत्यांमध्ये अडकलीस तर सोडून पुढे जा. मागे वळून बघायचं नाही."

"हो गं मास्तरीण."

मास्तरीण म्हणणं काही खोटं नव्हतं. सप्टेंबरात ऑनलाइन क्लास चालू असताना सर काहीतरी लागट बोलले, रेवाने लॅपटॉप खाडकन मिटला आणि त्याच दिवशी शाळा सोडली. लॅपटॉपची बिजागरी तडकली ती तेव्हाच. तेव्हापासून त्याचं झाकण घरात कुणी लावत नसे. परीक्षा या शब्दाचाच रेवाला तिटकारा. पण आईच्या ॲप्टिट्यूड टेस्टच्या आकृत्या मात्र तिला दिसायच्या. चौकोनातला ठिपका कुठे सरकतोय, बाण कधी उलटा होतोय, हे ती चहात बिस्कीट बुडवता बुडवता सांगायची. सगळा ऑक्टोबर तिने आईकडून सराव घासून घेतला होता.

नंदिनी पुण्यात औषधांच्या लॅबमध्ये होती. रेवाला घेऊन नवऱ्यामागे आयर्लंडला आली आणि ते काम सुटलं ते सुटलंच. आता दोन तासांवरच्या शॅननमधल्या एका कंपनीने, शरीरात बसवायची उपकरणं बनवणाऱ्या, तिचा अर्ज पुढे घेतला होता. आधी ही टेस्ट, मग मुलाखत. एकदा 'स्टार्ट' दाबलं की घड्याळ सुरू. थांबवायची सोय नाही, आणि संधी वर्षातून एकदाच.

नंदिनीने लिंक उघडली. स्क्रीनवर इंग्रजीत दोनच ओळी आल्या. ही टेस्ट पूर्ण झाली आहे. धन्यवाद.

"असं काय दाखवतंय?" रेवाने चकली खाली ठेवली.

नंदिनीने पुन्हा उघडून पाहिलं. तेच. मग ती कीबोर्डकडे बघत राहिली. दोन बटणांच्या फटीत काहीतरी लालसर अडकलं होतं. तिने नखाने ते अलगद काढलं, उठली, शेजारच्या प्रेसचं दार उघडलं आणि तो कण देवापुढच्या ताटलीत ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि या घरातले देव प्रेसमध्येच राहायचे, वर मसाले आणि खाली पोह्यांचे डबे.

रेवाने हे पाहिलं. पण दिवाळीच्या घरात जिकडेतिकडे कुंकू सांडलेलं असतं, त्यात पाहण्यासारखं काय? तिचे डोळे दुसरीकडेच होते. लॅपटॉप रोजच्या जागी नव्हता. आईची खुर्ची नेहमी भिंतीकडे तोंड करून असायची. आज लॅपटॉप खिडकीच्या टोकाला होता आणि चार्जरची वायर दोरीसारखी ताणली गेली होती. शिवाय सकाळी आईने तो उघडला, तेव्हा त्याचं झाकण लावलेलं होतं.

"आई," रेवा म्हणाली, "याला कुणीतरी हात लावलाय."

"मला माहितीये," नंदिनी इतकंच म्हणाली, आणि तिचा आवाज काही विचारावं असा नव्हता.

२

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर नीव्ह नावाची बाई भेटली. आवाज मऊ होता, मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. तीही बिचारी घरूनच काम करत असणार. नंदिनीने फोन स्पीकरवर टाकला.

नीव्हने पाहून सांगितलं. सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला टेस्ट उघडली गेली. सूचनांची सगळी पानं पार केली गेली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं. त्यानंतर काही नाही. वेळ संपला, टेस्ट बंद झाली.

"पहिलं उत्तर बरोबर की चूक?" रेवाने मध्येच तोंड घातलं.

नीव्ह थोडी घुटमळली. "खरं तर मी सांगायला नको. पण बरोबर आहे."

मग तिने नंदिनीला सांगितलं, चुकून स्वतःकडूनच उघडली गेली असं होतं कधी कधी. तसं असेल तर दोन ओळी लिहून पाठवा, मी नवीन लिंकसाठी विचारते. खात्री देत नाही हं, पण विचारते.

फोन ठेवल्यावर नंदिनी म्हणाली, "लिहिते मी. माझ्याच हातून झालं म्हणून."

"पण झालं नाहीये ना तुझ्या हातून! तू तर तेव्हा लुकनला भाजी आणायला गेली होतीस!"

"रेवा, राहू दे."

"ती खात्री देत नाही म्हणाली. आणि ज्याने केलं त्याचं काय? तो बसेल मजेत लाडू खात?"

तेवढ्यात आजी आली. प्रभाआजी, रेवाच्या बाबाची, म्हणजे विवेकची आई. हिंगणघाटहून फेब्रुवारीत आली होती, दोन महिने राहून परत जायचं म्हणून. मग लॉकडाऊन लागलं, विमानंच बंद झाली आणि ती इथेच अडकली. अंगावर मुलाचा हुडी, खाली नऊवारी. "काय वो नंदिनी, झाली का परीच्छा? कशी गेली?"

"पुढे ढकलली, आई," नंदिनी हसून म्हणाली. "कंपनीनेच ढकलली."

"होय का? बरं झालं. आरामात दे मंग." आजी देवापाशी गेली.

आजीला उगाच घोर नको म्हणून आई खोटं बोलतेय, असं रेवाला वाटलं. ते तिला पटलंही. पण चोर मोकळा सुटावा हे पटलं नाही. आई गप्प बसणार असेल, तर आपण शोधायचं. शाळा नाही, काम नाही, पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी. रेवाकडे वेळच वेळ होता.

३

पहिला नंबर लागला बाबाचा.

विवेक वरच्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसून सॉफ्टवेअर लिहायचा. वर कॅमेऱ्यापुरता शर्ट, त्याखाली पायजमा. रेवा न विचारता आत शिरली.

"बाबा, तुला आईने शॅननला जायला नकोय ना?"

"दार वाजवायची पद्धत असते."

"नकोय ना?"

विवेकने हेडफोन काढला. "रेवा, दोन घरं करायची का आपण? तिकडे ती, इकडे मी? हे मी तिला तोंडावर सांगितलंय. आणि तरी तिचा फॉर्म कुणी भरला? मी."

"सोमवारी साडेनऊला कुठे होतास?"

"मीटिंगमध्ये. कॅमेरा चालू. अकरा माणसं साक्षीला, त्यातला एक कॉर्क शहरातला, माझ्याशी भांडत होता." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "आई म्हणाली ना राहू दे? मग राहू दे. तुझं डोकं एकदा फिरलं की तू कुणाचंच ऐकत नाहीस."

हे बोलणं रेवाला झोंबलं. ती दार आपटून खाली आली.

आजी टेबलाशी बसून टॅब्लेटवर बोट फिरवत होती. लॉकडाऊनमध्ये तिचा वेळ जावा म्हणून रेवाने तिला व्हिडिओ कॉल शिकवला होता, भजनं लावायला शिकवली होती, आणि तेही संपलं तेव्हा आईच्या सरावाच्या आकृत्याही लावून दिल्या होत्या.

"आजी, काल सकाळी आई बाजारात गेली तेव्हा इथे कोण आलं होतं?"

"स्वप्नाली आली होती न, डब्बा घेऊन. तूच तर घेतला तिच्या हातून."

"आणखी कुणी?"

"आणखी कोन येते बाप्पा या बंदीत?"

रेवा जागच्या जागी थिजली. स्वप्नालीमावशी! दोन गल्ल्या सोडून राहणारी, आईची इथली एकुलती एक मैत्रीण, आणि त्याच कंपनीच्या त्याच जागेला अर्ज केलेली. दोघी मिळून सराव करायच्या, व्हिडिओवर. मावशीने स्वतःची टेस्ट शनिवारीच दिली होती, म्हणजे टेस्टची पानं कशी असतात ते तिला ठाऊक.

रेवाने सोमवारची सकाळ आठवून पाहिली. ती अंथरुणातूनच खाली आली होती. मागच्या दारात मावशी मास्क लावून उभी, हातात अनारशांचा डबा. रेवाने डबा घेतला, लॅपटॉपवर ठेवला आणि मावशीचा रिकामा डबा आणायला वर गेली. झाकण सापडेना म्हणून बराच वेळ लागला. खाली आली तेव्हा मावशी तिथेच दारात, टेबलापासून हातभर अंतरावर. अनारसे जागच्या जागी.

तेवढा वेळ मावशी एकटी होती.

४

एस्टेटच्या, म्हणजे त्यांच्या कॉलनीच्या, मधोमध मुलांच्या खेळायची जागा होती. झोपाळ्यांना पिवळी पट्टी बांधून ठेवलेली. स्वप्नाली रोज दुपारी तिथे चकरा मारायची. रेवाने तिला तिथेच गाठलं.

"मावशी, आईची टेस्ट का उघडलीस?"

स्वप्नाली आधी हसली. रेवाची चेष्टा असणार म्हणून. मग हसू मास्कच्या वर, डोळ्यांतल्या डोळ्यांत विझलं. "काय बोलतेस?"

रेवाने सगळं ओकून टाकलं. साडेनऊ, मागचं दार, हातभर अंतर, एकच जागा. आवाज चढत गेला. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थबकले, "ऑल ग्रँड, गर्ल्स?" म्हणत सगळं ठीक ना ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले.

"पहिलं उत्तर देऊन सोडून दिलं," रेवा म्हणाली. "हुशारी बघ. म्हणजे वाटावं की आईनेच सुरू केली आणि जमलं नाही."

"पहिला प्रश्न कसला होता?"

"आकृत्यांचाच. पहिला भाग तोच असतो, तुला माहितीये."

"आणि उत्तर बरोबर होतं?"

"होतं. म्हणून काय?"

"रेवा, मला आकृत्यांमधलं कधी काही बरोबर आलंय? तूच म्हणायचीस ना, मावशी, तुला बाण फिरताना दिसतच नाही, तुला रस्त्यावर गाडी कशी चालवू देतात?" ती म्हणाली. "आणि मी आले तेव्हा तुमचा लॅपटॉप बंद होता. झाकण लावलेलं होतं."

"आमच्या घरात झाकण कुणी लावत नाही."

"मग मी खोटं बोलतेय."

"मी तसं म्हटलं नाही. पण हो!"

स्वप्नालीने मास्क नीट केला. एका पोरीच्या तोंडाला काय लागायचं, असं तिला वाटलं असावं. "नंदिनीलाही असंच वाटतं का?"

इथे रेवा खरं बोलली असती, तरी पुढचं बरंचसं टळलं असतं. आईला यातलं काही माहीत नाही, आई तर राहू दे म्हणतेय, एवढंच सांगायचं होतं. पण तिला जिंकायचं होतं.

"सगळ्यांनाच वाटतं," रेवा म्हणाली.

स्वप्नाली तिथूनच घरी गेली. आणि संध्याकाळी तिने कंपनीला मेल लिहिला. माझ्यावर दुसऱ्या उमेदवाराच्या घरच्यांनी असा असा आरोप केलाय, कृपया चौकशी करा, माझं नाव यात नको.

५

दुसऱ्या दिवशी नीव्हचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कालच्यासारखा मऊ नव्हता. मागे कुत्रंही भुंकत नव्हतं. काल नंदिनीची चिठ्ठी मिळाली होती, नवीन लिंक जवळजवळ मंजूर झाली होती. पण आता तक्रार आली आहे. तेव्हा त्या सकाळी नक्की काय झालं ते खरं खरं, सहीनिशी लिहून द्या. शुक्रवारपर्यंत.

नंदिनीने फोन ठेवला आणि लेकीकडे वळली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जवळजवळ मंजूर झाली होती, रेवा."

"मला काय माहीत ती मेल करेल! म्हणजे तिच्या मनात पाप—"

"तिच्या मनात भीती आहे. तुला काय वाटतं, परक्या देशात नाव खराब झालं म्हणजे काय होतं?"

रेवा खोलीत जाऊन पडली. उशीत तोंड खुपसून ती स्वप्नालीवर चिडत राहिली, नीव्हवर चिडत राहिली. मग चिडून चिडून थकली आणि विचार करायला लागली.

पहिलं उत्तर बरोबर. ज्याला वाट लावायची आहे तो बरोबर उत्तर कशाला देईल? ज्याच्याकडून चुकून उघडली गेली तो सूचनांची पानंच्या पानं ओलांडून पहिल्या प्रश्नापर्यंत कशाला जाईल? आणि ज्याला प्रश्न सुटतो तो एकावर का थांबेल?

आणि तो अनारशांचा डबा.

रेवा ताडकन उठून बसली. तिने डबा लॅपटॉपवर ठेवला होता. लॅपटॉप उघडा असता तर डबा ठेवायचा कुठे, बटणांवर? झाकण लावलेलं होतं म्हणूनच तो तिथे राहिला. म्हणजे मावशी खरं बोलत होती. ती येण्याआधीच सगळं उरकलेलं होतं. आणि हे रेवाने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या डोळ्यांदेखत केलं होतं आणि तिला दिसलं नव्हतं.

मग कोण? आई बाहेर. बाबा मीटिंगमध्ये. आपण अंथरुणात.

लॅपटॉप खिडकीकडे सरकवलेला. त्या टोकाला बसलं की तोंड कुठे होतं? सकाळचं ऊन समोरून येतं. पूर्वेला. फटीत अडकलेला तो लालसर कण नुसत्या कुंकवाचा नव्हता, नाहीतर आईने तो नखाने उचलून देवापुढे ठेवला नसता. तो तांदळाचा दाणा होता. अक्षता. आणि सोमवारी पाडवा होता.

उत्तर असं सरळ समोर येऊन उभं राहिलं, चौकोनातला ठिपका शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बसतो तसं. रेवाच्या अंगावर काटा आला. आनंदानेच आला. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक अख्खी परीक्षा सुटली होती.

ती जिन्यावरून धडधडत खाली गेली.

६

तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. बाबाला मीटिंगमधून उठवलं. स्वप्नालीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला. मावशीने कॉल घेतला खरा, पण तोंड बाजूला वळवलेलं. आजी लसूण सोलत होती.

"मावशी, आधी सॉरी," रेवा एका दमात म्हणाली. "तू नव्हतीस. मी सिद्ध करून दाखवते."

"रेवा," नंदिनी म्हणाली, "नंतर बोलू आपण. आपण दोघीच."

"नाही, सगळ्यांसमोर. मी आरोप केला ना, मग मीच मिटवते." आणि तिने सुरुवात केली. डबा, झाकण, ताणलेली वायर. ती बोलत होती आणि बाबा ऐकत होता, खरंच ऐकत होता. शाळा सोडल्यापासून त्याने तिचं असं ऐकलं नव्हतं. तिला आणखी जोर चढला. "केलं त्याला नुकसान करायचं नव्हतं. त्याला फक्त सुरुवात करून ठेवायची होती. एकच प्रश्न, तोही बरोबर. पूर्वेला तोंड करून. अक्षता वाहून."

"रेवा, बास." नंदिनी आता उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते रेवाने पाहिलं. ती विनवणी होती. पण उत्तर जिभेवर आलं होतं आणि परत गिळणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"आजी," रेवा म्हणाली.

लसणाची पाकळी टेबलावर पडली. आजीने सगळ्यांकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. लाजून, लहान पोरीसारखी.

"वळखलं का तुनं? होय, मीच केली न. पाडव्याची केली." ती नंदिनीकडे वळली. "तू म्हणे मंगळवारी देतो. मी म्हटलं, पाडवा सोडून मंगळवार कायले? आमच्या कापडाच्या दुकानात पाडव्याले नवी वही पुजत. श्री लिवायचं, येक नोंद करायची, येकच, आन् वही मिटून ठेवायची. दुकान उघडायचं ते पंचमीले. मंग वर्षभर बरकत. मी म्हटलं हिचीबी नोंद करून ठेवू. पयलं चित्र सोपं होतं. बरोबर आलं का वो?"

फोनमध्ये स्वप्नालीने तोंड वळवून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"सांगायचं तरी, आई!" विवेकचा आवाज फुटला. "तिची परीक्षा गेली! ढकलली नाही, गेली! ती एकदा सुरू केली की थांबत नाही!"

"शुभ काम आधी बोलून दाखवत नाहीत रे," आजी सवयीने म्हणाली, आणि मग मुलाचे बाकीचे शब्द तिच्यापर्यंत पोचले. हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव गेला. तिने रेवाकडे पाहिलं. "पन बंद केलं तरी चालते म्हणे न तू, बेटा? उद्या तिथूनच सुरू होते म्हणे."

म्हणाली होती रेवा. सरावाच्या टेस्टबद्दल म्हणाली होती. हे निळं बटण दाबत राहा आजी, चित्र येईपर्यंत. कंटाळा आला तर मिटून टाक, काही होत नाही. टॅब्लेटवर शिकवलं होतं, आणि शुक्रवारी लॅपटॉपवर खरी लिंक आली तेव्हा आजीला ओढून आणून तिनेच दाखवलं होतं, हे बघ, हीच ती आईची.

सगळे धागे जुळवताना हा एक तिने हातातच घेतला नव्हता.

नंदिनी आजीच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "आई, काही बिघडलं नाही. खरंच."

"बिघडलं कसं नाही वो," आजी म्हणाली, आणि लसणाची टरफलं गोळा करायला लागली. एक एक करून.

७

नंदिनीने खरं ते लिहिलं. आता दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. कंपनीचं उत्तर सभ्य होतं. उमेदवाराऐवजी दुसऱ्या व्यक्तीने उत्तर दिल्याचं मान्य झाल्यामुळे यंदा विचार करता येणार नाही, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.

त्या रात्री रेवा आईच्या शेजारी भांडी पुसत उभी राहिली.

"तुला कधी कळलं होतं?"

"अक्षता दिसली तेव्हाच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू जाऊन त्यांना विचारलं असतंस." नंदिनीने ताट विसळून पुढे केलं. "मला परत टेस्ट मिळाली असती, रेवा. कदाचित. त्यांना कधी कळलंच नसतं, आणि मी पास झाले असते तर त्यांनी गावभर सांगितलं असतं, माझ्या मुहूर्तामुळे झालं म्हणून."

रेवाला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं, असं तिला नंतर पुष्कळ वेळा वाटलं.

जानेवारीत स्वप्नालीला ती नोकरी लागली आणि ती शॅननला राहायला गेली. रेवाने तिला लांबच लांब मेसेज लिहिला, माफीचा. उत्तर आलं, "ग्रँड आहे गं." इथे कुणाचा पाय मोडला तरी लोक ग्रँड म्हणतात. नंदिनीला तिचा फोन पुन्हा आला नाही.

आजीने टॅब्लेटला परत हात लावला नाही. मग हळूहळू बाकीच्या गोष्टींनाही लावेनाशी झाली. किटली लावू का, विचारायची. दिवा मालवू का, विचारायची. फेब्रुवारीत विमानाचं तिकीट मिळालं. विमानतळावर तिने सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला, रेवाच्याही. तिच्या जरा जास्तच वेळ.

रेवा तिला व्हॉट्सॲपवर एकेक आकृती पाठवायची. पुढचं चित्र कोणतं, आजी? निळ्या खुणा यायच्या. उत्तर यायचं नाही. पुढे तिनेच पाठवणं सोडलं.

वर्ष गेलं. पुढच्या नोव्हेंबरात नंदिनीच्या मेलमध्ये पुन्हा लिंक आली. तीच कंपनी, जागा नवी. चार दिवसांत कधीही द्या. त्या दुपारी रेवाने, कुणाला न सांगता, हिंगणघाटला फोन लावला.

"आजी, आईची परीक्षा आलीये. कधी बसवू तिला? मुहूर्त सांग ना."

पलीकडून पंखा फिरत असल्याचा आवाज तेवढा.

"तुमचं तुम्ही पाहा बेटा," आजी म्हणाली. "मले काय समजते त्यातलं." आणि मग घाईघाईने, "जेवली का तू?"

"जेवले."

"बरं. ठेवू का मी?"

फोन ठेवायचीही ती परवानगी मागत होती.

रेवा प्रेसच्या दारावर लटकवलेल्या, भारतातून आलेल्या कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहिली. बारीक अक्षरात काय काय लिहिलं होतं. त्या वेळा इथल्या की तिथल्या, तेही तिला नीट ठरवता येईना. तिने बोट ठेवून ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. ठिपका कुठे सरकतो ते काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी इस्त्रीचा कुर्ता घालून आली, तर लॅपटॉप खिडकीच्या टोकाला होता. झाकण उघडं. शेजारी टेबलावर, कीबोर्डपासून चांगला लांब, कुंकवात भिजवलेला एक तांदळाचा दाणा.

रेवा ओट्याशी पाठ करून उभी होती.

नंदिनीने खुर्ची ओढून घेतली. दाण्याला हात लावला नाही. "दार लावून घे जाताना," ती म्हणाली.

रेवाने दार ओढून घेतलं, हळूच, आवाज न करता. आणि बाहेर जिन्यावर बसून राहिली. कशालाही हात न लावता.